पितळेची वाघीण

गोंदिया जिल्ह्यात 'वाघीण' म्हटलं की समोरचा माणूस नागझिऱ्याच्या जंगलाकडे बोट दाखवतो. मी बोलतोय ती दुसरी, मालगाडीची. इंग्रजी 'वॅगन'ची मराठीत वाघीण झाली आणि वर्तमानपत्रांनी ती टिकवली. मालगाडी घसरली की 'तीन वाघिणी रुळांवरून उतरल्या' अशी बातमी येते आणि बाहेरगावचा पाहुणा दचकतो. तर ही वाघीण, तळहातावर मावेल एवढी, पितळेच्या पातळ पत्र्यातून घरच्या टेबलावर स्वतःच्या हातांनी तयार करा, असं माझं तुम्हाला सांगणं आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना, आयटीआयच्या पोरांना, संध्याकाळी काय करावं हे न सुचणाऱ्यांना, सगळ्यांनाच.

इंजिनापासून मात्र सुरुवात करू नका. आगगाडीचं मॉडेल म्हटलं की प्रत्येकाला आधी इंजिनच हवं असतं. त्यात मोटार, दातेरी चाकं, वाफेचं असेल तर दांड्यांची जाळी. पहिल्याच फटक्यात हे हाती घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं अर्धवट काम चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलेलं असतं आणि तो डबा कपाटावर असतो. वाघीण म्हणजे एक पेटी आणि चार चाकं. चूक झाली तर पुन्हा तापवून सोडवता येते.

वाघिणीच्या सुट्या भागांचा किट दिसतो कसा, ते आधी सांगतो. पाकीट उघडलं की आत पोस्टकार्डाएवढा सपाट पितळी पत्रा निघतो, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. पत्र्यावर चित्र काढून, नको तेवढा भाग रसायनात खाऊ दिलेला असतो. वाघिणीच्या बाजू, टोकं, तळ, दारांच्या बिजागऱ्या, सगळं त्या एकाच पत्र्यात बारीक-बारीक दांड्यांनी चौकटीला लटकलेलं असतं, पानाच्या शिरांसारखं. काही ठिकाणी पत्रा आरपार कापलेला नसतो, निम्म्याच खोलीपर्यंत खाल्लेला असतो. ती घडीची रेघ. पत्रिकेचं जाड कार्ड दुमडण्याआधी त्यावर बोथट टोकाने रेघ ओढतात, तसलाच प्रकार. मागच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे खळगे असतात. त्यांत बोथट सुई दाबली की पुढच्या बाजूला रिव्हेट उठतो. हे रिव्हेट घडी घालण्याआधीच उठवायचे. पेटी बंद झाल्यावर आठवलं तर सुई आत शिरत नाही.

घडीची रेघ नेहमी दुमडीच्या आतल्या बाजूला ठेवायची. हे वाक्य मी कोणाकडून ऐकलं नव्हतं. पहिल्या वाघिणीची लांब कड मी उलट्या बाजूला दुमडली, मग चूक कळल्यावर सरळ केली आणि पुन्हा बरोबर बाजूला वळवली. निम्म्या जाडीचं पितळ दोनदा उलटसुलट वाकवलं की ते टिचकी मारल्यासारखं तुटतं. तसंच तुटलं.

आता पितळच का, प्लास्टिक का नाही? प्लास्टिक वाईट नाही. पण आपण राहतो कुठे ते बघा. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, त्याआधी आपण भंडाऱ्यातच होतो, आणि भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. आमच्या पिढीच्या घरांत गुंड, परात, तांब्या तिथूनच आलेला. तापलेल्या पितळेचा वास, चिंचेने घासलेल्या पितळेचा रंग, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आणि पितळेला पितळ जोडायला डाग, म्हणजे सोल्डर, कसा द्यायचा हेही आपण लहानपणी दारात उभं राहून पाहिलेलं आहे, फक्त तेव्हा ते शिक्षण आहे हे कळलं नव्हतं.

कल्हईवाला आठवा. भाता हलायचा, कोळसे लाल व्हायचे, भांडं उलटंपालटं तापायचं. मग तो चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उसळायचा, आणि कथलाची कांडी नुसती टेकवली की ती पाण्यासारखी पसरायची. कापसाच्या बोळ्याने एक फेर, आणि आतून भांडं चांदीचं. आमच्या दाराशी बसणाऱ्या म्हाताऱ्याला मी एकदा विचारलं होतं की कथील आधीच वितळवून का नाही ओतत. तो म्हणाला, "भांडं तापू दे जी, कथील आपोआप पळते."

सोल्डरिंगची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. धातू तापवायचा, डाग नव्हे. नवशिके काय करतात, तर सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर डागाचा थेंब उचलतात आणि सांध्यावर लिंपतात, भिंतीवर गिलावा लिंपावा तसा. थेंब बसलेला दिसतो, पण खाली धरलेला नसतो. त्याला कोरडा सांधा म्हणतात. माझी पहिली वाघीण अशीच लिंपून झाली होती. धुवायला नळाखाली धरली आणि तिची एक बाजू मोरीत गेली.

बरोबर रीत अशी. दोन्ही तुकडे जिथे जुळायचे तिथे आधी बारीक पॉलिश पेपरने घासून पितळ उजळ करा. बोटांचा घाम लागलेल्या पितळेला डाग धरत नाही. सांध्यावर फ्लक्स लावा, ब्रशच्या टोकाने, अत्तर लावल्यासारखा. आयर्नचं टोक सांध्याच्या एका बाजूला दोन्ही तुकड्यांना टेकेल असं धरा. मनात एक, दोन म्हणा. फ्लक्स चरचरतो, उकळतो. मग डागाच्या तारेचं टोक आयर्नला न लावता सांध्याच्या दुसऱ्या बाजूला लावा. पितळ पुरेसं तापलेलं असेल तर तार वितळते आणि डाग त्या फटीतून आयर्नकडे धावत येतो. चकाकणारी एक रेघ क्षणात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. पहिल्यांदा हे दिसतं तेव्हा माणूस आयर्न खाली ठेवून घरच्यांना हाक मारतो. मीही मारली होती. त्यांना काही विशेष वाटलं नाही.

साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असलेली साधी तार १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. पितळ वितळायला नऊशेच्या वर अंश लागतात, म्हणजे वाघीण जळेल ही भीती सोडा. भीती असलीच तर उलटी हवी, की उष्णता कमी पडेल. रेडिओ दुरुस्तीचं टोकदार पंचवीस वॅटचं आयर्न इथे पुरत नाही. पितळ उष्णता लगेच पसरवतं, टोक गार पडतं, आणि तुम्ही बिचारे दहा-दहा सेकंद टेकवून बसता. तेवढ्यात आधीचा सांधा सुटतो. पन्नास-साठ वॅटचं, छिनीसारख्या चपट्या टोकाचं आयर्न घ्या. गरम, भरपूर आणि झटपट, मग लगेच बाजूला. खाली लाकडाची फळी ठेवा. लोखंडी पाटावर किंवा लादीवर काम ठेवलं तर सगळी उष्णता लादीच पिऊन टाकते. लादी उपयोगी पडते ती भाग चौकटीतून कापताना. कडक पृष्ठभागावर पत्रा ठेवून धारदार पात्याने दांडी दाबली की ती कट्‌कन तुटते. मऊ चटईवर कापाल तर पत्रा वाकेल, आणि वाकलेलं पितळ पूर्वीसारखं सरळ कधीच होत नाही.

फ्लक्सचं एक सांगून ठेवतो. पत्र्याचे डबे, कंदील करणारे कारागीर जस्त विरघळवलेलं ॲसिड वापरतात. त्याने डाग झकास पळतो, पण ते पितळेला नंतरही खात राहतं. नवसागराचंही तेच. मॉडेलवाले बहुधा सौम्य फॉस्फोरिक ॲसिडचा फ्लक्स पसंत करतात. कोणताही वापरा, पण त्या दिवशीचं काम उठण्याआधी धुवा. आज रात्री आळस केला तर सकाळी वाघिणीवर हिरवट बुरशीसारखा थर आलेला असेल. जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि चिमूटभर पितांबरी. देवाची भांडी घासायला जे घरात आहे त्याहून वेगळं काही लागत नाही.

आणि खिडकी उघडी ठेवा. फ्लक्सचा धूर दम्याच्या माणसाला बाधतो, धडधाकट माणसालाही बरा नव्हे. डागात शिसं असतं, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका, आणि जेवणाच्या ताटाच्या जागेवर हे काम मांडू नका. लहान मुलं बाजूला बसून बघोत, रिव्हेट उठवोत, पण तार त्यांच्या हातात देऊ नका. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण कापलेल्या दांड्यांचे तुकडे उडतात. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते हे मला सांगायची गरज पडणार नाही, पहिल्याच दिवशी तुमचं बोट सांगेल.

पेटी जोडताना एका दमात पूर्ण कड झाळू नका. मधे एक टाका, दोन्ही टोकांना एकेक टाका. मग गुण्या लावून बघा, काटकोनात आहे का. नसेल तर टाका तापवला की सुटतो. असेल तरच उरलेली रेघ भरा. शिवणकाम येणाऱ्यांना यात नवीन काही नाही, आधी धावदोरा मग शिलाई. माझ्या पाहण्यात या कामात सगळ्यांत लवकर हात बसला तो शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा. रेल्वेत आयुष्य गेलेले आम्ही दोघे-तिघे त्यांच्या मागे राहिलो.

आता चाकं. चार चाकांची वाघीण खिडकीच्या काचेवर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवा. टक्‌टक्‌ आवाज आला तर एक चाक हवेत आहे. घरात चौरंग डुगडुगतो तेव्हा आपण पायाखाली कागदाची घडी सारतो. तिवई मात्र कधी डुगडुगत नाही, कसल्याही ओबडधोबड जमिनीवर तिचे तिन्ही पाय टेकतात. मॉडेल करणाऱ्यांनी हीच युक्ती उचलली. एक आस पक्का बसवायचा, दुसरा आस मधल्या खिळीवर थोडा झुलता ठेवायचा. मग वाघिणीचे टेकू तीनच होतात, पक्क्या आसाची दोन चाकं आणि झुलत्या आसाची मधली खिळी, आणि रूळ थोडे वाकडे असले तरी चारही चाकं टेकून राहतात. चांगल्या किटात हा झुलता भाग पत्र्यातच कोरलेला येतो. शिवाय वाघिणीला वजन द्या. एका आसाला पंचवीस ग्रॅम, म्हणजे चार चाकांच्या वाघिणीला पन्नास ग्रॅम, असा लहान मापाच्या मॉडेलांचा ढोबळ हिशेब आहे. वजन पेटी बंद करण्याआधी आत बसवायचं. तुम्ही विसरणार. मी दोनदा विसरलो.

मापाचा प्रश्न इथे येतो, आणि आपल्या जिल्ह्याची एक मौज आहे ती इथेच. जगात सर्वांत जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीपट लहान. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये उघडलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय याच मापाचं आहे. गेला नसाल तर जाऊन या, पोराबाळांना घेऊन. या मापाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे मिळतात, कारण युरोप-अमेरिकेची लाईन १४३५ मिलिमीटरची. आपली मोठी लाईन १६७६ ची. तिला सत्त्याऐंशीने भागलं तर १९.३ येतात. म्हणजे तिरोड्याच्या वीज केंद्राला कोळसा नेणारी बॉक्सएन जातीची वाघीण तुम्ही बनवलीत, तर खरी १०,७१३ मिलिमीटर लांबीची वाघीण तुमच्या टेबलावर बरोबर १२३ मिलिमीटरची होईल. पण बाजारच्या रुळांवर ती मोठ्या माणसाने धाकट्या भावाची चप्पल घालावी तशी उभी राहील. चालवून घेणारे चालवून घेतात.

पण आपली छोटी लाईन ७६२ मिलिमीटरची होती. तिला सत्त्याऐंशीने भागा, ८.८ येतात. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. अठ्ठेचाळीसने भागा, १५.९ येतात, आणि १६.५ चे रूळ आहेतच. इतका थोडा फरक डोळ्याला कळत नाही असं नाही, पण तो तक्रार करत नाही. म्हणजे जी लाईन मोडली तीच मॉडेलच्या रुळांवर जास्त बरोबर बसते. नवशिक्याने अठ्ठेचाळीसचं माप घ्यावं असं माझं मत आहे. भाग मोठे, बोटं कमी भाजतात, आणि आमच्या वयाच्या डोळ्यांना दिसतात.

छोटी लाईन ज्यांना माहीत नाही अशा तरुण वाचकांसाठी थोडं सांगतो. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ च्या सुमारास गोंदियाहून नैनपूरकडे आणि पुढे जबलपूरपर्यंत अडीच फुटी लाईन टाकली. नंतर दुसरा फाटा अर्जुनी, वडसा, नागभीडकडे गेला. दोन्हीकडून येणारा माल गोंदियाला उतरवून मोठ्या लाईनच्या वाघिणीत भरावा लागे, कारण छोटी वाघीण मोठ्या रुळांवर चढत नाही. या एका अडचणीवर गोंदियात किती घरं चालली असतील! नव्वदच्या दशकात नागभीडकडची लाईन मोठी झाली, मग बालाघाटची, आणि २०१५ मध्ये बालाघाट-जबलपूरची छोटी गाडीही थांबली. नागपूर-नागभीड तेवढी २०१९ पर्यंत डुलत होती. प्रवास सुधारला हे खरंच आहे. जबलपूरला जायला सबंध दिवस घालवलेल्या माणसाने त्या गाडीचे फार गोडवे गाऊ नयेत.

गाडीच्या आठवणी सगळे सांगतात, तिची मापं कोणी सांगत नाही. छोट्या लाईनच्या वाघिणीचं दार किती रुंद होतं? फळ्या उभ्या की आडव्या? ब्रेकचा दांडा कोणत्या बाजूला? दुकानात गोंदियाच्या वाघिणीचा किट मागाल तर मिळणार नाही. ब्रिटनमध्ये गल्लीबोळातल्या लाईनींच्या वाघिणींचे पितळी किट निघाले, कारण कोणीतरी आधी पट्टी घेऊन त्या वाघिणीपाशी जाऊन बसलं होतं. आपल्याकडे ते बसायचं राहिलंय.

म्हणून माझं खरं सांगणं हे. पहिली वाघीण कोणत्याही देशाची, कोणत्याही जातीची मिळेल त्या किटातून करा, हात बसू द्या. किट परवडत नसेल तर पितळी पत्र्याचे दोन तुकडे आणा, त्यांचा कोन जोडा, मग एक उघडी पेटी जोडा. ती पेटी काटकोनात आली की तुम्ही तयार झालात. मग दुसरी वाघीण आपली करा. नागपूरला मोतीबागेत छोट्या लाईनचं संग्रहालय आहे, २००२ मध्ये उघडलेलं. नैनपूरलाही आहे. तिथे विचारून, रीतसर मोजमाप घ्या. यार्डात किंवा रुळांवर परवानगीशिवाय पाय ठेवू नका. रेल्वे कायद्याचं १४७ वं कलम त्यासाठीच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक मीटर लांबीची काठी घ्या, दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा रंगवा, ती वाघिणीला टेकवून बरोबर समोरून आणि बरोबर बाजूने फोटो काढा. तिरका फोटो भिंतीवर लावायला छान, मोजायला कुचकामी.

मापं आली की आधी पुठ्ठ्याची वाघीण करा. पुठ्ठ्यात ज्या घडीने दगा दिला ती पितळेतही देणार. नंतर तेच चित्र संगणकावर काढून एचिंगसाठी, म्हणजे रसायनाने पत्रा खाऊ घालण्यासाठी, देता येतं. दारावरच्या नावाच्या पट्ट्या आणि बिल्ले करणारे कारागीर हेच काम करतात. घरी करायचा मोह होईल, कारण पितळ खाणारं फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतं. करायचंच तर वापरलेलं द्रावण नालीत ओतू नका. त्यात तांबं उतरलेलं असतं आणि आपल्या नाल्या शेवटी कुठल्या तरी तळ्यात किंवा बांधीतच जातात.

रंगाचं फार सांगत नाही. उघड्या पितळेवर साधा रंग नखाने निघतो, म्हणून आधी धातूला चावून बसणारा एचिंग प्रायमर मारा. त्यावर रंगाच्या दुकानातला रेड ऑक्साइड चालतो. मालगाडीच्या रंगाच्या तो इतका जवळ आहे की वेगळी छटा शोधायची गरज नाही.

माझी छोट्या लाईनची वाघीण सध्या टेबलावर आहे, बाजू झाल्या, टोकं झाली, आस झुलतो. तळ अजून रिकामा आहे. मोतीबागेत मी चारही बाजूंनी फोटो काढले, दाराची बिजागरीसुद्धा मोजली, आणि खाली वाकून बघायचं तेवढं राहिलं, गुडघ्यांमुळे म्हणा. तेव्हा तुमच्यापैकी जो कोणी आधी जाईल त्याने वाकावं, आणि ब्रेकचा दांडा हँडलपासून चाकापर्यंत कसा जातो ते नीट टिपून आणावं.